घोड्याला पाणी

आमच्या घरात अमेरिका आली ती विड्याच्या पानांच्या रिकाम्या करंड्यांतून. बाबा पालघरला एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी ते केळव्याशेजारच्या माहीमहून एसटीने निघायचे तेव्हा आमच्या वाडीतल्या पानांच्या करंड्या टपावर चढायच्या. स्टेशनात त्या गाडीला लावून बाबा कचेरीत जायचे. संध्याकाळी रिकाम्या करंड्या परत यायच्या आणि त्यांतल्या एखादीत, सुकलेल्या केळीच्या पानाखाली, स्टेशनजवळच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेली कादंबरी असायची. लपवायचं कारण मुखपृष्ठ. त्यावर नेहमी एक उधळलेला घोडा, दोन पिस्तुलांचा एक माणूस आणि त्याच्यामागे वाऱ्याने फारच हैराण झालेली एक बाई असे. बाबा कचेरीत मान असलेले गृहस्थ होते. गणेशोत्सवात व्याख्यात्यांची ओळख करून द्यायला त्यांनाच बोलावत. त्यांच्या डब्याच्या पिशवीत अशी बाई सापडणं बरं दिसलं नसतं. घरी आल्यावर ते पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे आणि मगच माझ्या हातात द्यायचे. परत नेताना कव्हर काढावं लागे, कारण कव्हराखाली पुस्तक फाटलेलं असतं असा लायब्ररीवाल्याचा अनुभव होता. मग ती बाई पुन्हा करंडीत, या वेळी ताज्या पानांखाली. आत काय लिहिलं आहे याची बाबांना कधी काळजी वाटली नाही. आत गोळीबार होता, आणि गोळीबार सभ्य समजला जातो.

पुस्तक माझ्याकडे यायचं, कारण माझे हात दुसऱ्या कशाच्याच उपयोगाचे नव्हते. संध्याकाळी ओटीवर सगळं घर पानं लावायला बसायचं. खुडून आणलेलं पान पाण्यातून काढायचं, डागी पान बाजूला टाकायचं, लहान-मोठं वेगळं करायचं आणि सगळे देठ एका अंगाला येतील असा थर रचायचा. ओल्या पानावर ओलं पान पडताना एक बारीक आवाज होतो. तो चार जणांच्या हातांतून एकदम येऊ लागला की ओटीवर कुणीतरी हलक्या पावलांनी चालतंय असं वाटायचं. मी रचलेला थर काकी काही न बोलता उचलायची आणि पुन्हा रचायची. असे पुष्कळ दिवस गेल्यावर तात्या म्हणाले, "सुमे, तू पानं नको लावू. तू वाच." तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पानाची प्रत त्यांना बोटांनी कळायची, अक्षर कळायचं नाही. तेव्हापासून जेवणवेळेपर्यंत मी वाचायचे आणि काकी, आई, तात्या आणि शेजारचे जगूकाका पानं लावायचे.

जगूकाका तात्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून, समुद्राच्या अंगाला. आमच्याकडे मदतीला येण्याची त्यांना काही गरज नव्हती, पण जानूचं पुढे काय झालं हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढेपुढे आल्याआल्या ते पाणी मागायचे आणि दोन तांबे, ओठ न लावता, घटाघटा प्यायचे. काकी म्हणायची, "भावजी, तुमच्या घरी विहीर हाय ना?" ते म्हणायचे, "हाय वहिनी, पण तिच्या पाण्यात बायकोची बोलणी मिसळलेली हायत." सगळे हसायचे. जाताना बाजूला टाकलेल्या डागी पानांतली चार पानं ते खिशात घालून न्यायचे. त्यालाही कुणी कधी काही म्हटलं नाही.

जानू म्हणजे कादंबऱ्यांचा नायक. पुस्तकात त्याचं नाव कधी जॅक असे, कधी जेस, कधी आणखी काही. लेखकाचं नावही दर वेळी वेगळं, पण माणूस तोच, घोडा तोच आणि वैर तेच, असं तात्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. त्यांनी सगळ्यांना मिळून जानू हे एकच नाव ठेवलं. पुढे मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, वाङ्मयप्रकारांवरची बरीच जाड पुस्तकं वाचली. त्यांत तात्यांच्या या निरीक्षणापलीकडे फारसं काही नव्हतं, फक्त ते पुष्कळ पानं चाललं होतं. आमच्या ओटीवरची अमेरिका ही आमच्या ओटीवरूनच दिसत होती. शेरीफ म्हणजे फौजदार हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. प्रत्येक मारामारी सलूनमध्येच का होते, दाढी अर्धवट ठेवून माणसं उठतात कशी, हे आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. काकीची अडचण आणखी खोल होती. माळरानावर मुक्काम पडला की जानू शेकोटी पेटवून वाल शिजवून खायचा. भाषांतर करणाऱ्याने मूळच्या 'बीन्स'चे वाल केले असणार. काकी थांबवून विचारायची, "भिजत कधी घातले? मोड कधी आले? आणि सोलले कोणी? घोड्यानं?" बिरडं असं घोड्यावर बसल्याबसल्या होत नाही, हे तिला नायकाच्या सगळ्या शौर्याहून मोठं वाटायचं.

तात्यांचा प्रश्न एकच असे. जानू वाळवंट तुडवत, डोंगर ओलांडत, पाठलाग चुकवत कुठेतरी पोचायचा आणि सरळ दार ढकलून आत जायचा. तात्या हातातलं पान खाली ठेवायचे. "घोड्याला पाणी पाजलं का?" मी पुन्हा ओळी बघायचे. बहुतेक वेळा पाजलेलं नसायचं. मग पुढचं अख्खं प्रकरण तात्या जानूवर नाराज असायचे, त्याला गोळी चाटून गेली तरी हळहळायचे नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे जो घोडा होता तो खरं म्हणजे आमचा रेडा होता, काळू. आमच्या विहिरीवर रहाट होता. वर्षानुवर्षं काळू त्याच्याभोवती फिरत आला होता आणि रहाटाची ती रडवी करकर ही आमच्या घराची पहाट होती. दुपारी रहाट थांबायचा, काळू सावलीत बसायचा आणि तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरून यायची. रहाट सोडला की तात्या आधी काळूला पाण्याच्या दगडी डोणीवर नेत, मग स्वतः पाणी पीत. हा क्रम त्यांनी कधी चुकवलेला मी पाहिला नाही.

मग गावात वीज आली आणि विजेपाठोपाठ पाणी उपसायच्या मोटारी आल्या. आमच्या मोटारीचं उद्घाटन झालं. पंपाला उद्घाटन लागतं हे आम्हाला माहीत नव्हतं, पण तालुक्याचे एक पुढारी त्या दिवशी रिकामे होते. बाबांनी त्यांची ओळख करून दिली, ती त्यांच्या भाषणापेक्षा थोडी लहान होती. रहाटाच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी सांगितलं की आजपासून या गावाचा बैल आणि रेडा स्वतंत्र झाला. काळू समोरच उभा होता. पुढाऱ्यांनी बटण दाबलं, मोटार घुमली, नळीतून मनगटाएवढी धार उसळली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मोटारीचे पाच घोडे म्हणजे पाच जानू असा हिशेब माझ्या डोक्यात होता. त्या उन्हाळ्यात प्रत्येक वाडीत एक मोटार झाली. मोटार दमत नाही, सावलीत बसत नाही, तिला डोणीवर न्यावं लागत नाही. विहिरीला मधे श्वास घ्यायला वेळ लागतो, ही गोष्ट आजवर रेड्यामुळे आपोआप सांभाळली जात होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पुढाऱ्यांच्या तर भाषणातही नव्हतं.

आता पानवेलीविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पानवेल हे आमच्याकडे पीक नव्हतं, देव होता. वेलींचा मळा चारी बाजूंनी झावळ्यांच्या कुडाने झाकलेला, आत गार काळोख, आधाराच्या झाडांवर चढलेल्या वेली. दाराशी चपला काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आंघोळ केल्याशिवाय नाही. मी मोठी झाल्यावर महिन्यातले काही दिवस मला त्या बाजूला फिरकायचीही बंदी होती. वेलीला माझा एवढा धाक वाटतो याचं तेव्हा मला नवल वाटे, आता हसू येतं. आणि दुसऱ्याच्या मळ्यात तर त्याने बोलावल्याशिवाय कुणी जात नसे. सख्खा भाऊ असला तरी कुडाबाहेर उभा राहून हाक मारायचा. त्यामुळे शेजारच्या मळ्यात वेल कशी आहे हे गावात कुणालाच ठाऊक नसायचं. बाहेरून सगळ्यांच्या झावळ्या सारख्याच.

मोटारी येऊन काही उन्हाळे झाले असतील. एका संध्याकाळी तात्यांची बोटं एका पानावर थांबली. त्यांनी ते पान काकीकडे दिलं. काकीने दिव्याजवळ धरलं. पानाची कड, विस्तवाजवळ धरावी तशी, तांबूस होऊन चुरगळली होती. पुढच्या खुड्यात अशी पानं जास्त आली, त्याच्या पुढच्या खुड्यात आणखी. तात्यांनी शेण बदललं, पेंड बदलली, झावळ्यांची सावली दाट केली, मग विरळ केली. बाबांनी कचेरीतल्या भाषेत एक अर्ज लिहिला. तो इतका सुंदर होता की त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला. विषय संबंधित खात्याकडे पाठवला आहे असं उत्तर आलं. ते खातं कुठलं हे आम्हाला अजून समजायचं आहे. आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि चहा काहीतरी वेगळा लागत होता, पण चहा बिघडला की तो आईने बिघडवला असं समजायची घरात पद्धत होती.

नेमकी त्याच आठवड्यात आलेली कादंबरी पाण्यावरची होती. खोऱ्यात एक मोठा जमीनदार, त्याने ओढा आपल्याकडे वळवलेला, खालच्या गरीब शेतकऱ्यांची गुरं तडफडून मरताहेत. जानू एकटा घोड्यावरून त्याच्या फाटकाशी जातो आणि सांगतो, सूर्य मावळायच्या आत बांध फोड, नाहीतर मी आहे आणि तू आहेस. हे मी वाचत असताना पानांचा आवाज थांबला होता. जगूकाकाही ऐकत होते. तात्या त्या संध्याकाळी घोड्याला पाणी पाजलं का हे विचारायचे विसरले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जगूकाकांची मोटार आमच्या मोटारीहून मोठी होती आणि ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बंद होत नसे. एवढं पाणी त्यांना कशाला लागतं, हे काकी पूर्वी एकदा सहज बोलली होती. आता ते सहज राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तात्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि मला म्हणाले, "चल." उन्हात त्यांना वाट नीट दिसायची नाही म्हणून मी बरोबर लागायचे. कुठे, ते विचारलं नाही. दोन वाड्यांच्या मधल्या बांधावरून आम्ही चाललो, मी पुढे आणि तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. त्यांच्या तळव्याला घाम आला होता. जानूला असा कधी आल्याचं वाचलेलं नव्हतं.

जगूकाकांच्या मळ्याच्या कुडाबाहेर उभं राहून तात्यांनी हाक मारली. आतून मोटारीचा आवाज येत होता. जगूकाका बाहेर आले, हात पुसत.

"जगू," तात्या म्हणाले, "दिवस मावळायच्या आत मोटार बंद कर."

जगूकाका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हे कालच्या पुस्तकातलं हाय."

"असू दे," तात्या म्हणाले. "माझी येल मरते. तू दिवसभर उपसतोस. माझ्या वाटणीचं पाणी तुझ्या मळ्यात जातं."

मला वाटलं जगूकाका हसतील. हसले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. दोघांनी एकमेकांना दोन शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळी पुढचा भाग ऐकायला दोघंही ओटीवर असते. पण ते हसले नाहीत. त्यांनी कुडाची झाप बाजूला केली आणि म्हणाले, "आत ये."

तात्या वाकले. रागावून आलेला माणूस, पण दुसऱ्याच्या वेलीपाशी जायचं म्हणजे चपला काढायच्या, हे त्यांच्या अंगातच होतं. काठी कुडाला टेकवून ते एका हाताने अंगठा सोडवू लागले.

"चपला राहू दे, तात्या," जगूकाका म्हणाले.

तात्या तसेच वाकून राहिले. ते का सरळ होत नाहीत हे मला आधी कळलं नाही. आमच्याकडच्या माणसाला याहून वाईट बातमी याहून कमी शब्दांत सांगता येत नाही. मी दाराबाहेरच थांबले होते, नेहमीच्या सवयीने. जगूकाका मला म्हणाले, "तू पण ये पोरी. आता इथं कशाचा इटाळ."

आत सावली होती, ओल होती, पण वास नव्हता. आधाराची झाडं नुसतीच उभी होती आणि त्यांच्यावर वेलींच्या वाळलेल्या दोऱ्या लोंबत होत्या. वाफ्यांतली माती कडेने पांढरी झाली होती. तात्यांना एवढं दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि पान जिथे असायला हवं तिथे बोटांनी शोधलं. मग जरा वर शोधलं, मग खाली. तिकडे मोटारीची धार वाफ्यांत पडत होती, कशासाठी कोण जाणे. जगूकाकांनी ते सांगितलं. खारं पाणी उपसून काढलं की मागून गोडं येईल असं त्यांना वाटलं होतं. म्हणून ते दिवसभर उपसत होते. जितकं उपसलं तितका समुद्र आत आला, आणि त्यांच्या विहिरीतून पुढे आमच्या विहिरीकडे निघाला. आमच्या दोघांच्या मधे फक्त एक बांध होता.

जगूकाकांच्या बायकोने पाहुणा आला म्हणून तांब्याभांडं आणलं. "नको देऊ," जगूकाका म्हणाले, पण तात्यांनी हात पुढे केला होता. ते प्यायले. अर्ध्यावर थांबले नाहीत. सगळं पिऊन त्यांनी भांडं उपडं ठेवलं.

"कधीपास्नं?"

"दोन उन्हाळे झाले."

"बोलला नाय."

"पोराचं केळव्याला जमतंय. ईर खारी हाय म्हटल्यावर मुलगी देतील?"

"केळव्याला नको सांगू. मला सांगायचं."

जगूकाकांनी उपडं भांडं सरळ केलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

जानूच्या कुठल्याच पुस्तकात हा प्रश्न नव्हता.  तात्या ज्याच्यावर राग धरून आले होते तो माणूस समोरून नाहीसा झाला होता, आणि जो उरला होता तो त्यांच्याआधी बुडालेला होता. जगूकाकांनी पानाचा डबा उघडला. त्यातली पानं कडेला तांबूस होती, आमच्या ओटीवरून आदल्या संध्याकाळी खिशातून गेलेली. दोघांनी आमचंच पान खाल्लं आणि मोटार चालू असलेल्या त्या मळ्यात बराच वेळ बसून राहिले. दिवस मावळला तेव्हा आम्ही घरी होतो आणि कुणीही कुणाला गोळी घातलेली नव्हती.

आल्याआल्या दोन तांबे पाणी का, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर काकीने जगूकाकांना विहिरीवरून कधी टोकलं नाही. ते आले की ती न मागता तांब्या पुढे ठेवायची.

शाळेत गावाची सभा भरली. तेच पुढारी आले. या वेळी ओळख करून देताना बाबा दोनच वाक्यं बोलले. पुढारी समुद्रावर बरंच बोलले. समुद्र आपला सखा असून त्याने मर्यादा पाळली पाहिजे असा त्यांच्या भाषणाचा एकूण सूर होता. मधे त्यांना तहान लागली तेव्हा भांडं पुढे आलं. त्यांनी ते दूर सारलं आणि शहाळं घेतलं. शेवटी असं ठरलं की सगळ्यांनी मोटारी पाळीपाळीने चालवायच्या, दिवसाआड. सगळ्यांनी हात वर केले. पण कुडाच्या आत काय चाललंय हे कुणी बघायचं नाही, ही रीत सभेने बदलली नव्हती. आपल्या पाळीला प्रत्येकाने मोटार लावली, आणि पाळी नसताना कुठूनतरी घुमण्याचा आवाज आला की आपणच का वाळवून घ्यायचं म्हणून पुन्हा लावली. खोटं कुणी वागत होतं असं मला वाटत नाही. डोळ्यांपुढे वेल वाळत असताना हात बटणापासून दूर ठेवणं हे पिस्तूल चालवण्यापेक्षा कठीण काम आहे. ते करणारा नायक मी अजून वाचलेला नाही.

तात्यांनी मात्र आमची मोटार सोडवून ठेवली. त्यांनी रहाट पुन्हा जोडला. लाकूड सुकून चिरलं होतं, ते बांधून काढलं, आणि काळूला जुंपलं. काळू म्हातारा झाला होता. तो चार फेरे घालायचा आणि थांबायचा. तात्या त्याला ओरडायचे नाहीत, तेही थांबायचे. पुन्हा ती करकर ऐकून आई पहाटे उठून बसली आणि म्हणाली की सगळं पहिल्यासारखं झालं. दुपारी तात्यांनी काळूला सोडलं आणि डोणीवर नेलं. काळूने तोंड खाली घातलं, पाण्याला नाक लावलं, फुरफुरला आणि मान बाजूला केली. तात्यांनी त्याची मान परत डोणीवर आणली. त्याने परत बाजूला केली. तात्या त्याला काहीतरी हळू समजावत होते, आजाऱ्याला औषध पाजताना समजावतात तसं. आम्ही बायका मागच्या दारात उभ्या होतो. बराच वेळ गेल्यावर काकी डोक्यावर हंडा घेऊन वरच्या आळीतल्या विहिरीकडे गेली, तिथून पाणी आणलं आणि काळूपुढे ठेवलं. तो ते सगळं प्यायला. तेव्हापासून माणसांना आणि रेड्याला, दोघांनाही, वरच्या आळीचं पाणी आलं. ते काकीच्या आणि आईच्या डोक्यावरून यायचं. वेलीला आणणं शक्य नव्हतं.

हल्ली मी पालघरला राहते. मुलाचे मित्र मुंबईहून येतात त्यांना केळव्याला, माहीमला न्यावं लागतं. आमच्या वाडीच्या जागेवर आता शनिवार-रविवारचं राहण्याचं ठिकाण झालं आहे. दारावर गाडीचं एक मोठं लाकडी चाक टांगलंय, आतली पोरं रुंद काठाच्या टोप्या घालून चहा देतात आणि भिंतीवर उधळलेला घोडा रंगवलाय. मालकांना हे कुठून सुचलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मागच्या बाजूला पाण्याचा टँकर उभा असतो. मधल्या काळात मी अमेरिकेच्या त्या पश्चिमेचा खरा इतिहासही वाचला. जानू जी जमीन वाचवायला घोडा फेकत होता ती आधी कुणाची होती आणि त्यांचं काय झालं, हे त्यात होतं. आमच्याकडे डोंगराकडच्या आदिवासी पाड्यांवरून वाडीत बेणायला, म्हणजे तण काढायला, बाया यायच्या. कधी उशीर झाला तर ओटीच्या खालच्या पायरीवर बसून त्याही ऐकायच्या. गोऱ्यांनी जंगलातल्या लोकांना पळवून लावलं की आम्ही वरच्या पायरीवरून खूश व्हायचो. खालच्या पायरीवरून कधी काही आवाज आला नाही. त्यांना काय वाटत होतं हे आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

रहाट पुन्हा जोडल्यानंतरही पानं कमी होत गेली. करंड्या कमी झाल्या, मग एकच राहिली, मग तीही आठवड्यातून एकदा. एका संध्याकाळी खुडायला काहीच नव्हतं. तरी दिवेलागणीला सगळे ओटीवर येऊन बसले. काकीने ओलं फडकं पसरलं आणि ते पसरल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने ते तसंच ठेवलं. जगूकाका आले. काकीने तांब्या पुढे केला, त्यांनी हातानेच नको म्हटलं. पाणी आता तिच्या डोक्यावरून येतं हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, ते मी वाचायला घेतलं.

पानांच्या आवाजाशिवाय मी कधी वाचलं नव्हतं. माझा आवाज मला फार मोठा वाटत होता. हात रिकामे असले की माणसाला ऐकता येत नाही, हे मी त्या संध्याकाळी पाहिलं. आई बांगड्या मागेपुढे करत होती, जगूकाका टोपीची घडी घालत आणि मोडत होते, काकीची बोटं फडक्यावर नसलेले देठ एका अंगाला लावत होती. जानूने सगळ्या शत्रूंना लोळवलं. गावाने त्याला राहा म्हटलं. तो राहिला नाही. घोड्यावर बसला आणि एकटाच मावळत्या सूर्याच्या दिशेने, पसरलेल्या वाळवंटात निघून गेला.

तात्या म्हणाले, "पुढं पाणी हाय का?"

मी पान उलटलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती.

"लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

तात्यांनी मान हलवली.  "मंग त्याला सांग, आज नको जाऊ. रातभर इथंच थांब म्हणावं."

"आणि इथं काय पाजणार त्याच्या घोड्याला?" काकी म्हणाली.

 काकीने फडकं उचललं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. मी पुस्तक मिटून त्याचं कव्हर काढलं. सकाळी बाबा ते परत द्यायला निघाले तेव्हा लपवायला करंडी नव्हती. त्यांनी ते डब्याच्या पिशवीतही घातलं नाही. वाऱ्याने हैराण झालेली ती बाई वरच्या बाजूला ठेवून, पुस्तक तसंच हातात धरून ते एसटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.